वळणावरचा हद्दीचा खांब हलवून मिळण्याबाबत

प्रति,
मा. विभागीय अभियंता (रेल्वेमार्ग),
विभागीय कार्यालय, पहिला मजला.

अर्जदार : टंकलेखिका, राहणार रेल्वे वसाहत, वळणाजवळचे जोडघर, डावी बाजू.

विषय : वळणाच्या मध्यावरून काढलेला हद्दीचा खांब पुन्हा त्याच जागी न रोवता वळणाच्या कोणत्याही एका टोकाच्या मोरीजवळ रोवण्याबाबत.

संदर्भ : १) सदर खांब ‘पूर्ववत रोवावा’ हा आपल्या कार्यालयाचा आदेश.
२) तो आदेश घरी वाचून दाखवल्यावर जेवणाच्या टेबलावर झालेले बोलणे.

महोदय,

सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार ही आपल्याच कार्यालयाच्या जिन्याखाली टंकयंत्र घेऊन बसते आणि लोकांचे अर्ज टाइप करून देते. बदली, बढती, रजा, गळके छप्पर, शेजाऱ्याचा कोंबडा अशा नाना विषयांवरचे अर्ज तिच्या हातून आपल्या टेबलावर आलेले आहेत. स्वतःसाठी अर्ज करण्याची वेळ मात्र पहिल्यांदाच आली आहे, त्यामुळे कुठे भाषा सैल पडली तर सांभाळून घ्यावे. कोणी काही बोलले असेल तर ते शब्द जसेच्या तसे अवतरणात द्यायचे, हा अर्जदाराचा धंद्यातला नियम आहे. तो इथेही पाळला आहे.

अर्जदाराची अडचण मुळात नात्याची आहे. वळणाच्या अलीकडच्या तुकडीचे मुकादम हे अर्जदाराचे पती असून पलीकडच्या तुकडीचे मुकादम हे तिचे सख्खे थोरले भाऊ आहेत. (सरकारी अर्जात ‘दादा’ लिहिणे बरे दिसत नाही याची जाणीव आहे, पण दर ओळीत ‘अर्जदाराचे ज्येष्ठ बंधू’ लिहायचे म्हटले तर कागद पुरणार नाही. सबब यापुढे ‘दादा’.) एकेकाळी हे दोघे एकाच गँगमध्ये कामाला होते. एकाच पहारीवर दोघे मिळून जोर लावत. दादानेच एका संध्याकाळी आपल्या या मित्राला घरी जेवायला आणले आणि आईला सांगितले, “हा नुसत्या डोळ्यानं बघून रूळ वाकडा की सरळ ते सांगतो.” अर्जदाराने त्या डोळ्यांकडे पाहिले आणि पुढचे सर्व रीतसर झाले. दादाने स्वतः लग्न केले नाही. तो व आई जोडघराच्या उजव्या भागात राहतात, अर्जदार व पती डाव्या भागात. मधे एक सामाईक भिंत आहे. जेवण मात्र लग्नापासून एकाच टेबलावर, आईच्या.

पुढे दोघांनाही एकाच आदेशाने मुकादम केले गेले, आणि शेजारशेजारचे भाग दिले गेले. त्या दिवशी घरात केवढा आनंद झाला होता! या दोन भागांच्या मधे हद्दीचा एक पांढरा खांब आहे, याकडे तेव्हा कोणाचे लक्षही गेले नाही.

आपण स्वतः अभियंता आहात, आपल्याला रूळ काय सांगायचे? परंतु हा अर्ज वर गेल्यास वाचणारे साहेब हिशेबखात्यातले असू शकतात, म्हणून थोडा खुलासा. अर्जदाराचे रेल्वेमार्गाचे सगळे ज्ञान जेवणाच्या टेबलावरचे आहे. दोन सुऱ्या म्हणजे रूळ, काड्यापेटीतल्या काड्या म्हणजे रुळांखालचे आडवे स्लीपर, खाली पसरलेली साखर म्हणजे खडी. खडी ही नुसती भर नसते. गाडीचा भार ती खालच्या जमिनीवर पसरवते, आणि पावसाचे पाणी आपल्या फटींतून खाली सोडून बाजूच्या नालीत घालवते. पाणी अडले की माती भिजते, खडीत चिखल शिरतो आणि वरचा रूळ बसू लागतो. वळणावर तर आणखी नाजूक प्रकार. तिथे बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा उंच ठेवलेला असतो, म्हणजे वेगाने वळणारी गाडी आतल्या अंगाला झुकून अलगद जाते. तो उंचपणा मधेच कुठे बिघडला तर डबा हेंदकाळतो. आमच्या वळणावर तो नेमका मध्यावर बिघडला होता. आणि हद्दीचा खांब, महोदय, नेमका मध्यावरच होता.

खड्डा कोणाचा, यावरून सुरुवात झाली. पती म्हणाले, “दादा, आदर ठेवून सांगतो, खड्डा तुमच्या हद्दीत आहे. आमच्याकडे फक्त त्याचा उतार येतो.” दादा म्हणाला, “भावोजी, उतार दोन्हीकडे असतात. बूड कुठंय ते बघा.” दोघांनी आपापल्या बाजूचे स्लीपर उचलून खाली खडी ठोकून घेतली, अगदी खांबापर्यंत. खांबासमोरचा स्लीपर तेवढा तसाच राहिला, कारण तो ज्याने उचलला त्याचा खड्डा ठरला असता. एका बाजूने काम केले की दुसरी बाजू खाली दिसे. मग दुसरा करी. खड्डा काही जाईना, उलट दर पावसानंतर अंग धरू लागला.

हे सर्व भांडण पहिल्यापासून अहो-जाहो करून चालले होते, हे अर्जदार अभिमानाने नमूद करते. परंतु त्याची झळ घरात पोहोचली. एके दिवशी दादाने कामावरची पातळी मोजायची पट्टी आणून जेवणाच्या टेबलावर ठेवली आणि टेबलाचा कल भावोजींकडे असल्याचे आईला दाखवले. दुसऱ्या दिवशी पतींनी टेबलाच्या एका पायाखाली पुठ्ठा सारला, आणि कल दादाकडे गेला. त्यानंतर दोघांचे बोलणे बंद झाले. हातभर अंतरावर बसलेली माणसे, पण “आई, दादांना म्हणावं मीठ इकडे द्या” आणि “आई, भावोजींना सांग मीठ त्यांच्या कोपरापाशीच आहे,” असा कारभार सुरू झाला. आई काही दिवस सहन करत होती. मग एकदा भाकऱ्या अर्ध्यावर टाकून उठली आणि म्हणाली, “मी काय जंक्शन आहे का, सगळ्यांनी माझ्यावरून जायला?”

याच काळात दोघांनी एकाच दिवशी, एकमेकांना नकळत, अर्जदाराच्या टेबलाशी येऊन एकमेकांविरुद्ध तक्रारअर्ज टाइप करून घेतले. “त्यांना सांगू नकोस,” असे दोघांनीही बजावले. अर्जदाराने धंद्याचे इमान राखून दोन्ही अर्ज सारख्याच कळकळीने लिहिले आणि पाकिटे वाचवण्यासाठी एकाच पाकिटातून वर पाठवले. ‘दोन्ही तक्रारींतील वाक्यरचना एकसारखी कशी?’ असे आपल्या कार्यालयाने तेव्हा लेखी विचारले होते. तो खुलासा उशिरा होत आहे, क्षमा असावी.

त्यानंतर आपण स्वतः तपासणीच्या डब्यातून पाहणीला आलात. त्या प्रसंगाची आठवण करून देणे अर्जदाराच्या जिवावर येत आहे, परंतु अर्जाच्या ओघात टाळता येत नाही. दोघे मुकादम धुतलेले कपडे घालून खांबाच्या दोन बाजूंना सलाम करून उभे होते. डबा वळणाच्या मध्यावर आला, आणि आपल्या हातातला चहा आपल्या पांढऱ्या शर्टावर आला. आपण गाडी थांबवून खिडकीतून विचारलेत, “हे कोणाचं?” तेव्हा दोघांनी सलामाचा हात न उतरवता दुसऱ्या हाताने एकमेकांकडे बोट दाखवले. त्याच संध्याकाळी त्या जागेवर वेगमर्यादा लागू झाली आणि गाड्या माणसाच्या चालीने जाऊ लागल्या.

याचा आनंद फक्त आईला झाला. जोडघराचे अंगण रुळांना लागून आहे. आई कपडे वाळत घालत असली की इंजिनातून ड्रायव्हर विचारू लागला, “आजी, गुडघा काय म्हणतोय?” खिडकीतले प्रवासी तिला ऊन-पावसाच्या गोष्टी विचारत. एकदा एका बाईने हात बाहेर काढून खाली पडलेला चिमटा दाखवून दिला. रूळ दुरुस्त व्हावेत असे आईला मनापासून वाटेनासे झाले. “सुधारलं सगळं की मला कोण विचारणार?” असे ती उघड म्हणू लागली.

परंतु पाण्याने कोणाची वाट पाहिली नाही. चार-पाच दिवस सलग पाऊस झाला आणि एका सकाळी मालगाडी वळणावरून गेली, तेव्हा पती तिथेच उभे होते. चाकांखाली स्लीपर पंपासारखे वरखाली होत होते आणि खडीतून कालवलेल्या पिठासारखा चिखल उडत होता. गाडी गेल्यावर त्यांनी खाली वाकून पाहिले, तर खांबासमोरचा स्लीपर रुळाला लोंबकळत होता. त्याच्याखाली हात जाईल एवढी पोकळी. पहिली प्रवासी गाडी एका बाजूने यायची होती आणि ती पोहोचली की दुसरीकडूनही एक गाडी सुटायची होती. आमचा मार्ग एकेरी आहे. दादा त्याच्या बाजूने पाहणी करत येत होता. पती ओरडले, “दादा, तिकडची थांबवा! मी इकडे जातो!” कित्येक महिन्यांनी थेट दादाला उद्देशून काढलेले ते पहिले शब्द होते. दादा तिथूनच मागे वळला. लाल झेंडा उलगडत तो पाठमोरा धावत सुटला. अर्जदार अंगणात उभी होती. एकीकडे नवरा पळतो आहे, दुसरीकडे भाऊ पळतो आहे, दोघांच्याही पायांखाली ओली खडी सरकते आहे, आणि आपण कोणाच्या मागे जावे ते कळत नाही, असे तिचे झाले. आई तिचा हात धरून म्हणाली, “कुठं जाऊ नकोस. दोघांना परत इथंच यायचंय.”

प्रवासी गाडी वळणाच्या बरीच अलीकडे थांबली. दुसरी गाडी स्टेशनातून निघालीच नाही. महोदय, यात कोणाला खरचटलेसुद्धा नाही, म्हणून अर्जदार हे इतक्या मोकळेपणी लिहू शकते.

मग आपल्या सहायक अभियंता मॅडम आल्या. त्यांनी दोन्ही बाजूंची वाहतूक बंद ठेवून घेतली, दोन्ही गँगना एकत्र बोलावले आणि पहिला हुकूम दिला, “आधी तो खांब उपटा. मधे मधे येतोय.” खांब बाजूला पडला. रुळांखालची खडी उकरली, तर ती खडी नव्हतीच, चिखलाचे घट्ट ढेकूळ झाले होते. पाणी कुठून येते म्हणून मॅडम नालीच्या कडेने चालत गेल्या आणि थांबल्या. दोघा मुकादमांना त्यांनी नुसते बोटाने बोलावले.

प्रकार असा होता, की दोन्ही तुकड्या आपापली नाली वर्षानुवर्षे झाडून लख्ख ठेवत होत्या, आणि निघालेला गाळ फावड्याने पुढे पुढे सारत हद्दीपर्यंत नेऊन सोडत होत्या. आपली हद्द संपली की आपला गाळ संपला. इकडचा गाळ आणि तिकडचा गाळ खांबापाशी समोरासमोर येऊन भेटले होते, त्यावर गवत माजले होते, आणि त्या बांधामागे तुंबलेले पाणी शांतपणे रुळांखाली शिरत होते.

मॅडमच म्हणाल्या, “या दोन नाल्या विभागात सर्वांत स्वच्छ आहेत, असं मागच्या अहवालात मीच लिहिलंय.” यावर आधी दादाला हसू फुटले. तो म्हणाला, “भावोजी, तुमचा गाळ अगदी चाळून ठेवल्यासारखा दिसतोय हो.” पती म्हणाले, “तुमचा काय कमी आहे? कडा बघा, ओळंब्यात!” आणि मग दोन्ही गँग पोट धरून हसू लागल्या.

त्या दिवशीचे काम अर्जदाराने डोळ्यांनी पाहिले, कारण ती आणि आई मोठी किटली घेऊन तिथेच होत्या. गाळाचा बांध फोडला तेव्हा तुंबलेले पाणी आवाज करत निघून गेले. चिखल झालेली खडी घमेल्या-घमेल्याने काढून टाकली, खालची माती कोरडी लागेपर्यंत खणली, आणि वर नवी, धारदार कडांची खडी टाकली. गोल गुळगुळीत दगड चालत नाहीत, एकमेकांत अडकून बसणारेच हवेत, हे अर्जदाराला तेव्हा कळले. जॅक लावून रूळ उचलले, स्लीपरखाली खडी ठोकून ठोकून भरली. शेवटी वळणाची रेषा बघायची वेळ आली, तेव्हा पती कोणी न सांगता दूर जाऊन रुळावर गाल टेकून आडवे झाले आणि दादाने पहार हातात घेतली. “थोडं आत... अजून एक बोट... बास! बास, दादा!” अर्जदाराला तो सूर ओळखीचा होता. हे दोघे एका गँगमध्ये होते तेव्हाचा. आईने डोळ्यांना पदर लावला आणि वर आम्हालाच म्हणाली, “खडीची धूळ फार उडते बाई.”

इथे हा अर्ज संपायला हवा होता. परंतु महोदय, अडचण इथूनच सुरू होते.

वेगमर्यादा उठली. गाड्या वळणावरून पूर्ण वेगाने जाऊ लागल्या, आणि ती जागा आता सबंध विभागात सर्वांत उत्तम झाली आहे, असे मॅडमनी लेखी कळवले. तेव्हापासून दोघेही मुकादम म्हणतात की ती जागा आपली. “बूड आमच्याकडंच होतं, तुम्हीच म्हणत होता ना दादा?” असे पती म्हणतात. “भावोजी, मी मान्य करतो, माझं चुकलं. खड्डा संपूर्ण माझ्याच हद्दीत होता,” असे दादा नम्रपणे म्हणतो. जो खड्डा कोणी जवळ करत नव्हता त्याच्यावर आता दोघेही हक्क सांगतात. अशातच ‘खांब पूर्ववत रोवावा’ हा आपला आदेश आला. पूर्ववत म्हणजे कुठे? खांब उपटताना जागेवर खूण करायची राहून गेली, आणि नव्या खडीखाली त्याचा खळगाही बुजला.

गेल्या रविवारी आई म्हणाली, “जन्म गेला या गाड्या अंगणातून बघण्यात. मला एकदा त्या जागेवरून आतून जायचंय.” म्हणून आम्ही चौघे पुढच्या स्टेशनावर जाऊन परत फिरलो. आईला खिडकी दिली. दोघे समोर बसले, पाहुणे येणार असल्यासारखे सावरून. वळण जवळ आले तशी दोघांनी बोलणे थांबवले. गाडी आतल्या अंगाला झुकली आणि पाण्यावरून गेल्यासारखी पुढे गेली. अर्जदाराच्या बांगडीचासुद्धा आवाज झाला नाही. दोघांनी एकदमच विचारले, “कसं वाटलं, आई?”

आई झोपली होती. तोंड किंचित उघडे, डोके खिडकीला टेकलेले.

उठल्यावर तिने विचारले, “गेली का ती जागा? कुठं होती?” तेव्हा दोघांनी खिडकीतून मागे बोट दाखवले. दोघांची बोटे दोन वेगळ्या ठिकाणांकडे होती, आणि माझ्या मते दोन्ही चुकीची. (वरील वाक्यात ‘माझ्या’ असे चुकून पडले आहे, ‘अर्जदाराच्या’ असे वाचावे. पान पुन्हा टाइप करण्याची ताकद नाही.)

सबब अर्जदाराची विनंती अशी की, हा खांब वळणाच्या मध्यावर मुळीच रोवू नये. वळणाच्या दोन टोकांना रुळांखालून पाणी पार जाण्याच्या दोन मोऱ्या आहेत. नालीचे पाणी आपल्या पायाने तिथेच जाते, म्हणजे गाळ सारायचा झाला तरी तो वाहून जाईल, दुसऱ्याच्या दारात साठणार नाही. कोणत्याही एका मोरीपाशी खांब रोवला तर सबंध वळण एकाच मुकादमाच्या हाती राहील आणि त्याचा उंचपणा एकाच नजरेने सांभाळला जाईल. मॅडमचे मतही असेच असून त्यांचा शेरा सोबत जोडला आहे.

आता मोरी कोणती, म्हणजेच वळण कोणाला, हा प्रश्न राहतो. त्याचा निर्णय आपण करावा. नाणे उडवून केला तरी अर्जदाराची हरकत नाही. मात्र याबाबत अर्जदाराचे मत विचारण्यात येऊ नये, खाजगीत तर अजिबात नाही, ही कळकळीची विनंती. निर्णय काहीही लागला, तरी त्या संध्याकाळी तिला एकाच्या शेजारी बसून दुसऱ्याला वाढायचे आहे.

दोन्ही हद्दींतून, आपली नम्र,

(सही)
टंकलेखिका,
जिन्याखालचे टेबल.

दिनांक : आवक शिक्क्याप्रमाणे.

सोबत :
१) सहायक अभियंता मॅडमचा शेरा.
२) वळणाचा हाताने काढलेला नकाशा. (आईने काढला आहे. घर रुळांपेक्षा मोठे दिसते, त्याकडे दुर्लक्ष करावे.)